वर्षभर एकटीने कमी पैशांत आशिया फिरून आले. वहीत न बसणाऱ्या खर्चाचे काय करावे?

केळीबाग_चोपडा

नमस्कार. मी चोपडा तालुक्यातील, केळी पिकवणाऱ्या घरातील. पुण्यातील सहा वर्षांची नोकरी सोडून 20 सप्टेंबर 2024 रोजी भुसावळला गोरखपूरच्या गाडीत बसले आणि सोनौलीच्या नाक्यावरून पायी नेपाळमध्ये शिरले. तेथून थायलंड, लाओस, कंबोडिया, व्हिएतनाम, मलेशिया, इंडोनेशिया आणि शेवटी श्रीलंका असा प्रवास करून सप्टेंबर 2025 मध्ये घरी परतले. संपूर्ण वर्ष मी एकटीच होते.

खर्चाविषयी सर्वच विचारतात, म्हणून ते आधी सांगते. एकूण 6 लाख 12 हजार रुपये लागले. त्यातील 1 लाख 42 हजार विमान, व्हिसा आणि प्रवास विमा यांत गेले. राहणे, खाणे आणि जमिनीवरचा प्रवास यांना दिवसाला सरासरी 1,300 रुपये पुरले. काटकसरीपेक्षा मुक्काम लांबवल्यानेच हे जमले. थायलंडने जुलै 2024 पासून भारतीयांना व्हिसाविना 60 दिवस राहू दिले होते, व्हिएतनामचा ई-व्हिसा 25 डॉलरमध्ये 90 दिवसांचा मिळतो, मलेशियात व्हिसाविना 30 दिवस राहता येते. त्यामुळे कोठेही घाई करावी लागली नाही. एका गावात दहा-बारा दिवस राहिले की खोलीचे भाडे उतरते, भाजीबाजारातील जेवणाची जागा सापडते आणि विशेष म्हणजे लोक ओळखू लागतात.

मला विचारायचे आहे ते या ओळखणाऱ्या लोकांविषयी. माझ्या वडिलांना केळीच्या प्रत्येक तोडणीचा हिशेब वहीत लिहिण्याची सवय आहे, तीच मला लागली. वहीच्या पुढच्या पानांवर मी रोजचा खर्च लिहीत असे. मागच्या पानांवर मात्र लोकांनी मला जे दिले आणि ज्याचे पैसे घेतले नाहीत, ते लिहीत गेले. परत आल्यावर पुढच्या पानांची बेरीज एका दुपारी झाली. मागची पाने मला अजून बंद करता आलेली नाहीत.

त्यांतील पहिली नोंद नेपाळमधील आहे. 12 ऑक्टोबर 2024 रोजी तेथे विजयादशमी होती आणि मी गोरखा जिल्ह्यातील डोंगरावरच्या एका घरी भाड्याने राहत होते. घरातील आजोबांनी सर्वांबरोबर मलाही पुढे बसवले, दही, तांदूळ आणि लाल रंग एकत्र कालवून केलेला टिळा कपाळभर लावला, कानामागे जमरा खोचला आणि हातावर दक्षिणा ठेवली. जमरा म्हणजे घरात अंधाऱ्या जागी उगवलेले जवाचे पिवळे अंकुर. आपल्याकडे घटापाशी उगवलेले धन दसऱ्याला टोपीत खोचतात, अगदी तसेच. त्यांचा मुलगा कतारमध्ये मजुरीला आहे. त्या दिवशीचे जेवण त्यांनी भाड्यात धरले नाही.

दुसरी नोंद मला सर्वांत जास्त छळते. जानेवारी 2025 च्या शेवटी मी व्हिएतनामच्या दक्षिणेस, मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशात, फुलशेतीसाठी प्रसिद्ध असलेल्या सा देक गावाजवळ होते. 29 जानेवारीला त्यांचे नववर्ष म्हणजे तेत होते. त्या काळात दुकाने, खाणावळी आणि गाड्या बंद राहतात, हे मी वाचले होते, परंतु मनावर घेतले नव्हते. मी जेथे उतरले होते त्या घरमालकीण बाई माहेरी निघाल्या होत्या. त्यांनी मला एकटीला ठेवण्याऐवजी स्कूटरच्या मागे बसवून आईकडे नेले.

त्या आजी अंगणात बान्ह तेत बांधत होत्या. चिकट तांदूळ, मूग आणि डुकराचे मांस, किंवा तांदूळ आणि केळे, केळीच्या पानांत गुंडाळून दंडगोल आकारात घट्ट बांधतात आणि चुलीवरच्या मोठ्या हंड्यात रात्रभर उकळतात. दुमडताना फाटू नयेत म्हणून पाने उन्हात पसरून मऊ केली होती. माझी आई तीच पाने चुलीवर धरून शेकते. मी जवळ बसले, एक पान घेतले आणि सवयीने सुरी आडवी धरून मधल्या दांड्याचा फुगीर भाग तासून काढला. आजी थांबल्या, त्यांनी माझ्या हाताकडे पाहिले, मग पानांचा सगळा ढीग माझ्यापुढे सरकवला. त्यानंतर संध्याकाळपर्यंत आम्हांला भाषांतराच्या मोबाइलची गरज फारशी पडली नाही. तेथील अनेक लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी शाकाहार पाळतात, त्यामुळे ‘चाय’ म्हणजे शाकाहारी एवढा एकच शब्द सांगितल्यावर त्यांनी माझ्यासाठी केळ्याचे बान्ह तेत वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने बांधले. रात्री आम्ही आळीपाळीने हंड्यात पाणी घालत जागलो.

वर्षाच्या पहिल्या सकाळी घरात प्रथम कोण पाऊल टाकतो, यावर त्या घराचे वर्ष कसे जाईल हे ठरते, असे ते मानतात. म्हणून ठरवलेले वडीलधारे गृहस्थ येऊन जाईपर्यंत मी अंगणातही उतरू नये, असे मला समजावण्यात आले आणि मी खिडकीशी बसून राहिले. ते आल्यानंतर आजींनी मुलांना लाल पाकिटे वाटली आणि एक मलाही दिले. त्यात 20,000 दोंगांची नोट होती, म्हणजे आपले साधारण 65-70 रुपये. निघताना मी तीन रात्रींचे पैसे पुढे केले, तर त्यांनी माझी मूठ दोन्ही हातांनी बंद करून ती माझ्याच पोटाशी टेकवली.

आता याच वहीतील पुढच्या पानांवरची एक नोंद वाचा. या घटनेच्या दोनच आठवडे आधी, कंबोडियात, मी एका टुकटुकवाल्या (रिक्षावाल्या) माणसाशी 2,000 रिएलसाठी दहा मिनिटे घासाघीस केली होती. तेव्हाच्या भावाने ते जेमतेम 43 रुपये होतात. तो शेवटी हो म्हणाला, आणि मी वहीत ‘2,000 वाचले’ असे लिहिले. त्या शब्दांकडे मला आता पाहवत नाही.

कमी पैशांत वर्षभर फिरता आले, असे मी सर्वांना अभिमानाने सांगत असे. पण ते पैसे पुरले ते माझ्या हुशारीने किती आणि माझ्यापेक्षा गरीब माणसांच्या औदार्याने किती, असा प्रश्न मला पडला आहे. घरी आल्यावर आजीने दारातच विचारले, “काय लई उनी व माय?” (काय घेऊन आलीस गं माय?) मी पिशवीतून दालचिनी काढून तिच्या हातावर ठेवली, कारण दुसरे काय सांगावे ते मला सुचले नाही. ज्यांनी असा दीर्घ प्रवास केला आहे, त्यांनी परत आल्यावर या देण्याचे काय केले, हे मला मनापासून जाणून घ्यायचे आहे.

---

लळिंगचा_पायथा

ताई, मी धुळ्याचा. 2017-18 मध्ये अकरा महिने जवळपास याच मार्गाने फिरलो आणि परत आल्यावर मलाही याच प्रश्नाने घेरले होते, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट अशी की हे देणे ज्याचे त्याला फेडता येत नाही, आणि फेडावे अशी त्यांची अपेक्षाही नसते. आपल्या भागातील माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये. मुक्ताईनगरहून मुक्ताईची पालखी पंढरपूरला निघते, तेव्हा वाटेतील गावे वारकऱ्यांना जेवू घालतात; वारकरी पुढच्या वर्षी त्या घरी पैसे पाठवत नाही, तो आपल्या दारी आलेल्याला जेवू घालतो. मीही तेच करायचे ठरवले. धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात, त्यामुळे सायकलवर दूरचा प्रवास करणारी माणसे आमच्या शहरातून जातातच. दूरचे सायकलस्वार ज्या संकेतस्थळावर मुक्कामाची घरे शोधतात, तेथे मी आमच्या गच्चीवरील खोलीची नोंद केली. दरवर्षी चार-पाच जण येतात. मी त्यांना जेवण, अंघोळीला गरम पाणी आणि पंक्चर काढणाऱ्याचा पत्ता देतो, आणि त्यांना प्रेक्षणीय स्थळे दाखवण्याच्या भानगडीत पडत नाही, कारण दमलेल्या माणसाला झोप हवी असते.

एकदा मे महिन्यात एक जण उन्हाने इतका भाजून आला होता की त्याला दारात उभे राहवत नव्हते. आईने त्याच्या हातात कांदा दिला आणि पायांना कांद्याचा रस चोळायला सांगितले. त्याला काहीच कळले नाही, पण त्याने ते मुकाट्याने केले. तुमच्या सा देकच्या आजींचे वाचताना मला ते आठवले.

घासाघिशीविषयी मात्र तुम्ही स्वतःला फार लावून घेत आहात, असे मला वाटते. मागेल ती किंमत देणारा प्रवासी त्या गावातील भाडी वाढवून जातो आणि ती वाढ नंतर तेथील माणसाला भरावी लागते. रास्त दर ठाऊक असणे आणि तो देणे, यात काही वाईट नाही.

---

सातपुड्याची_लेक

मी शहाद्याची. 2023 मध्ये सात महिने एकटीने व्हिएतनाम आणि इंडोनेशियात होते. वरील दादांचे म्हणणे पटते, तरीही मला एक वेगळी गोष्ट सांगायची आहे, आणि ती थोडी कडू लागेल.

वारकऱ्याची तुलना मला पूर्णपणे लागू वाटत नाही. वारकरी आणि त्याला वाढणारा एकाच परंपरेतील असतात. आज जो वाढतो तो उद्या वारीला जाऊ शकतो. गोरख्याचे आजोबा वर्षभर हिंडायला आपल्याकडे येऊ शकत नाहीत. त्यांचा मुलगा परदेशी जातो तो मजुरीला. हा फरक नजरेआड करून ‘देणाऱ्याला काही नको असते’ असे म्हणणे आपल्याला फार सोयीचे पडते.

आणि आपण ज्यांचे देणे लागतो ती माणसे केवळ परदेशातच असतात असेही नाही. मला इंडोनेशियात डेंग्यू झाला आणि पाच दिवस दवाखान्यात राहावे लागले. विमा होता, पण माझ्या विम्यात आधी स्वतः पैसे भरायचे आणि नंतर कागदपत्रे देऊन परत मागायचे, अशी अट होती. ती मी निघण्यापूर्वी नीट वाचली नव्हती. मी भावाला फोन केला आणि दुसऱ्या दिवशी 40 हजार रुपये खात्यात आले. मी मनात म्हटले, कापसाचे पैसे आले असतील. परत आल्यावर तीन महिन्यांनी वहिनीच्या बोलण्यातून कळले, की त्याने ती रक्कम व्यापाऱ्याकडून उचल म्हणून घेतली होती आणि त्यापायी कापूस त्यालाच, तो म्हणेल त्या भावाने घालावा लागला. भावाने मला हे कधीही सांगितले नाही. विम्याचे पैसे पुढे मिळाले, पण भावातील तूट कोणत्याही विम्यात बसत नाही.

मी प्रवासात असताना तोच रात्रीच्या लाइटीवर पाणी द्यायला शेतात जात असे. काही दिवस दिवसा वीज आणि काही दिवस रात्री, हे वेळापत्रक शेतकऱ्याच्या घरात काही नवे नाही, पण घरातील एक माणूस कमी झाले की रात्रीच्या पाळीला बदली नसते. मी फ्लोरेस बेटावरून सूर्योदयाचे फोटो पाठवत होते, तेव्हा तो नुकताच शेतातून परतलेला असे. म्हणून ताई, तुमच्या वहीच्या मागच्या पानांवर घरातील माणसांची नोंद आहे का, हे कृपया एकदा पाहा. दोष देण्यासाठी विचारत नाही. माझ्या वहीत ती नव्हती.

ज्या मुली हे वाचून निघायचा विचार करत असतील, त्यांच्यासाठी एक व्यवहाराची बाब. भारतात मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना 1949 च्या करारानुसार असतो आणि व्हिएतनाम 1968 चा करार मानतो. तेथे भाड्याची मोटारसायकल सहज मिळते, पण कायद्याने तुमचा परवाना चालत नाही आणि अपघात झाल्यास विमा कंपनी त्याच मुद्द्यावर हात वर करू शकते. बसने फिरा.

---

जुनं_जळगाव

मी एवढा लांब प्रवास केलेला नाही. 2024 मध्ये दीड महिना कंबोडिया आणि लाओसला होतो. तरी एक मुद्दा मांडतो.

तेतचे लाल पाकीट हे नववर्षाच्या शुभेच्छेचे असते आणि मोठ्यांनी लहानांना द्यायचे असते. आजींनी ते तुम्हांला दिले, याचा अर्थ त्यांनी तुम्हांला त्या दिवसापुरते घरातील लेकरू मानले. त्याचे रुपयांत रूपांतर करून ते कर्जाच्या बाजूला लिहिणे मला खटकते. ओटीत घातलेला नारळ कोणी किंमत काढून परत करतो का? त्या आजींना तुमच्या वहीतील ही नोंद वाचून दाखवली, तर त्यांना आनंद होण्याऐवजी वाईटच वाटेल.

टुकटुकवाल्याची गोष्ट मात्र वेगळी आहे आणि तिथे मी धुळ्याच्या दादांशी सहमत नाही. रास्त दर देणे आणि दहा मिनिटे घासून त्याखाली आणणे, या दोन गोष्टी एक नाहीत, आणि त्या दिवशी काय झाले ते ताईंना ठाऊक आहे, म्हणूनच त्यांना ते सलते आहे. अंगकोरच्या मंदिरांचा एक दिवसाचा पास 37 डॉलरचा आहे. तो आपण खिडकीवर निमूटपणे घेतो, कारण तेथे घासाघीस चालत नाही. आणि जेथे समोरचा माणूस एकटा असतो, तेथे अर्ध्या डॉलरसाठी अडून बसतो. त्या पासातील 2 डॉलर कंबोडियातील कांथा बोफा बालरुग्णालयांना जातात, जेथे मुलांवर मोफत उपचार होतात. तेथे थेट देणगीही देता येते. टुकटुकवाल्याचा पत्ता सापडणार नाही, पण त्याच्या देशातील मुलांसाठी ते 2,000 रिएल, आणि वाटल्यास त्याच्या कितीतरी पट, पोहोचवता येतील.

---

गार्ड_भुसावळ

चिरंजीव मुली, मी रेल्वेतून निवृत्त झालेला माणूस आहे. परदेश पाहिलेला नाही. नोकरीत मात्र हजारो प्रवासी पाहिले आणि रनिंग रूममध्ये, म्हणजे गाडीवरच्या कर्मचाऱ्यांच्या विश्रांतीच्या खोलीत, बाहेरगावच्या पुष्कळ माणसांच्या हातचे खाल्ले.

माझा अनुभव एवढाच सांगतो. लोक फोटो काढतात, “पाठवतो” म्हणतात आणि पाठवत नाहीत. 1991 साली इटारसीला एका कुटुंबाने माझ्याबरोबर फोटो काढला होता आणि तो त्यांनी खरोखर पोस्टाने पाठवला. तो आजही माझ्या कपाटाच्या दारावर आतून चिकटवलेला आहे. तू मोबाइलवर पाठवलेला फोटो त्या आजींच्या मुलीच्या फोनमध्ये हरवेल. कागदावर छापून, मागे त्यांच्या भाषेत दोन ओळी लिहून पोस्टाने पाठव. पत्ता लॅटिन लिपीत सुवाच्य लिही, पिन कोड विसरू नकोस आणि पावती जपून ठेव.

---

केळीबाग_चोपडा

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला नऊ दिवस लागले, कारण मधल्या काळात काही गोष्टी करून पाहायच्या होत्या.

शहाद्याच्या ताई, तुमचे वाचून मी वही पुन्हा उघडली. घरातील माणसांची नोंद माझ्याही वहीत नव्हती. त्या रात्री मी वडिलांना थेट विचारले, की माझ्या वर्षभराच्या गैरहजेरीत तुमचे काय अडले. त्यांनी बराच वेळ काही सांगितले नाही. मग म्हणाले, की कांदेबागेच्या, म्हणजे केळीच्या एका हंगामाच्या, लागवडीच्या वेळी मजूर मिळाले नाहीत आणि आईची गुडघेदुखी तेव्हापासून वाढली. आईने फोनवर मला हे एकदाही कळू दिले नव्हते. मी तिला जळगावला हाडांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले आहे आणि येत्या लागवडीपर्यंत पुण्याची नोकरी धरायची नाही, असे ठरवले आहे. नोकरीतील खंड आणखी वाढेल, हे मला माहीत आहे.

जळगावच्या दादांचे नारळाचे उदाहरण मला पटले. ती 20,000 दोंगांची नोट मी हिशेबाच्या पानातून काढून देवघरात ठेवली आहे. आजोबांनी दिलेली दक्षिणा नेपाळमध्येच बसच्या तिकिटाला खर्च झाली होती, याचे वाईट वाटते. कंबोडियाच्या रुग्णालयांना मात्र पैसे पाठवणार आहे, आणि धुळ्याच्या दादांना विनंती, की सायकलस्वारांसाठी खोलीची नोंद कशी करायची ते मला सविस्तर कळवावे. चोपडा त्या दोन महामार्गांपासून बाजूला असले, तरी चोपड्यावरून सातपुडा ओलांडून मध्य प्रदेशात जाणारे कोणी ना कोणी असेलच.

काका, तुमचे ऐकले. गावात फोटो छापणारा एकच आहे. त्याच्याकडून अकरा फोटो छापून घेतले. त्यांतील एकात आजी पान हातात धरून माझ्याकडे पाहत आहेत आणि मागे हंड्याचा धूर आहे. माझ्या आजीने तो फोटो चष्मा लावून नीट पाहिला आणि विचारले, की यांनी पान शेकले नाही का, तरी फाटले कसे नाही. मी उन्हात मऊ केल्याचे सांगितल्यावर तिने दुसऱ्या दिवशी ओसरीत चार पाने उन्हात टाकून पाहिली. फोटोच्या मागे मी व्हिएतनामीत लिहिले आहे, की माझ्या घरी आता पाने तुमच्यासारखी उन्हात मऊ करतात.

आता आई म्हणते, की नुसता कागद कसा पाठवायचा, सोबत ज्वारीचे बिबडे (पापड) पाठव, ते सहा महिने टिकतात. काका, खाण्याची वस्तू परदेशी पोस्टाने पाठवता येते का, आणि येत असल्यास भुसावळच्या पोस्टात चौकशी करून मला कळवाल का? बिबडे मोडू नयेत म्हणून तिने डबासुद्धा काढून ठेवला आहे.